खोडायचा राहिलेला शब्द

अक्का, तुम्हाला जिन्यावरून उतरवलं तेव्हाची गोष्ट आधी सांगते. ती तुम्हाला पाहायला मिळाली नाही, आणि मिळाली असती तर तुम्ही ती मला तीनदा तरी पुन्हा सांगायला लावली असती.

तुमचा जिना म्हणजे काय, तो तुम्हाला ठाऊकच आहे. एक माणूस जाईल एवढी रुंदी आणि मध्येच काटकोनात वळण. वर अलाहाबादचा तुमचा पुतण्या आणि आमचे हे, खालच्या अंगाला गल्लीतले दोघं शेजारी. वळणावर सगळे अडकले. शेजारी 'बाएँ, बाएँ' म्हणतायत, पुतण्या 'थांबा हो' म्हणतोय, ह्यांना दम लागलेला. कोणाचं कोणाला समजेना. आणि तेवढ्यात जिन्याच्या तळाशी उभी असलेली एक मुलगी स्वच्छ मराठीत म्हणाली, "डोक्याकडची बाजू जरा वर धरा. हां. आता खाली घ्या. सावकाश खाली घ्या."

सगळ्यांनी ऐकलं. शेजाऱ्यांनीही ऐकलं, आणि त्यांना शब्द कळले नसले तरी काय करायचं ते कळलं. तुम्ही उतरलात.

ती रुची होती. 'खाली' हा शब्द रुचीच्या तोंडून, तोही तुमच्यासाठी, तोही आपल्या अर्थानं! मी भिंतीला टेकले आणि मला हसू आलं, अक्का. अशा वेळी हसू. पदर तोंडात धरला तर बायकांना वाटलं हुंदका आला, त्यांनी पाठीवरून हात फिरवला. तुम्हीच सांगा, माझा काय दोष होता?

आज तेरा दिवस झाले आणि मला दुःखापेक्षा सुटल्यासारखंच जास्त वाटतंय. तुम्ही सुटलात म्हणून तर वाटतंच. दोन वर्षांपूर्वी गच्चीवर पाय घसरून पडलात तेव्हापासून तुमचा एकच धोशा होता, की मला कोणाच्या हातून पाणी प्यायला लागू नये. इथे बनारसला मरायला लोक कुठून कुठून येतात आणि कुठल्या कुठल्या धर्मशाळेत महिनोन् महिने पडून राहतात, आणि तुम्ही म्हणायचात, "आम्ही तर आधीपासून लाइनीत आहोत, आमचा नंबर झटकन लागला पाहिजे." लागला. उन्हात बसून मटार सोलता सोलता मान कलली. अर्धे मटार पातेल्यात, अर्धे मांडीवर, हातात एक शेंग. कोणाचा पाण्याचा पेला लागला नाही. मी ते मटार तसेच ठेवले होते दोन दिवस. मग माझ्या मृणालनं उरलेले सोलले, इथल्यासारखा मटार-पोह्यांचा चूडा-मटर केला आणि आम्ही खाल्ला. तुमच्या हातचा नव्हता, मिरची कमी होती.

पण सुटल्यासारखं वाटायचं खरं कारण दुसरं आहे. ते काल कळलं. त्याकडे येते.

ब्याण्णवच्या जुलैत ह्यांच्या बँकेनं आम्हाला मिरजेहून उचलून इथे आणून टाकलं. बालाजी घाटाजवळ मराठी बिऱ्हाडं आहेत, घरमालकीण मराठी आहेत, एवढ्यावर मी हो म्हटलं. वरच्या दोन खोल्या तुमच्या, खालच्या दोन आमच्या. पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात, "परेशान होऊ नकोस, आराम से सामान लाव, जेवण माझ्याकडे आहे." मी ह्यांच्याकडे पाहिलं. ही बाई मराठी बोलते आहे की हिंदी, हे मला चार दिवस कळलं नव्हतं. तुम्ही मुलींच्या शाळेत तीस वर्षं हिंदी शिकवलंत, आणि घरात मात्र कोणी 'वो मेरा किताब' म्हटलं तरी दुरुस्त करायचा नाहीत. शाळा सुटली म्हणजे सुटली, असं तुमचं म्हणणं.

मृणाल पाचवीत होती. तुमच्याच शाळेत तिला घातलं. हिंदी तिला दूरदर्शनपुरतं येत होतं. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी तिची पेन्सिल पडली आणि ती बाईंना म्हणाली, "मेरी पेन्सिल खाली गिर गई." आपल्या मराठीत खाली म्हणजे नीचे. त्यांच्या हिंदीत खाली म्हणजे रिकामं. वर्ग हसला. एवढ्यावर संपलं असतं तर मी आज हे लिहिलं नसतं. पण वर्गातल्या रुचीनं तिचं नाव 'खाली' ठेवलं, आणि मग नावाला जागायचं म्हणून तिला रोज रिकामी करायला लागल्या त्या तिघी, रुची आणि तिच्या दोघी मैत्रिणी. मधल्या सुट्टीत पाण्याची बाटली मोरीत रिकामी. डबा रिकामा. कंपास बाकाखाली रिकामा. एकदा दप्तर अख्खं जिन्यावरून. "खाली है, तो खाली रहेगी," असं म्हणत.

आणि मला काही पत्ता नाही. घरी आली की उभ्या उभ्या तीन पेले पाणी प्यायची. मला वाटायचं बनारसचं ऊन. डबा चाटून पुसून आल्यासारखा यायचा, मी खूश, की पोरीला इथली हवा मानवली! सहा आठवडे मी खूश होते, अक्का. ह्याची लाज मला अजून वाटते.

मग एक दिवस पुस्तकं ओली आली, मोरीचा वास येणारी. मी विचारत राहिले, ती 'पडली' म्हणत राहिली. रात्रीचं वरण गॅसवर ठेवत होते तेव्हा माझ्या पाठीशी येऊन ती म्हणाली, "आई, शाळेत माझं नाव मृणाल नाहीये." एवढं सांगून झाल्यावर सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हणाली, "तू शाळेत येऊ नकोस. तुझं हिंदी माझ्यापेक्षा वाईट आहे."

ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

ह्यांचं म्हणणं, मुलं आहेत, चार दिवसांत आपोआप मिटेल. मला 'आपोआप' ह्या शब्दाचा तिटकारा आहे. मी लहान असताना मिरजेला वर्गातल्या मुली माझ्या चपला लपवून ठेवायच्या. आमच्या घरी सगळ्या दुखण्यांवर एकच औषध, 'दुर्लक्ष कर.' मी एक अख्खा एप्रिल अनवाणी घरी आले आणि आईला सांगितलं की मला अनवाणी चालायला आवडतं. आईनं विश्वास ठेवला. तेव्हाच मी ठरवलं होतं की माझ्या मुलीच्या बाबतीत असलं काही होऊ देणार नाही.

म्हणून मी अर्ज लिहिला. बोलता येत नव्हतं तर लिहून. शब्दकोश घेऊन दोन तास बसले, पण ज्या शब्दांची खात्री होती ते काही मी शब्दकोशात पाहिले नाहीत. बडी बहनजींच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या नावानं अर्ज, तीन मुलींची नावं, त्यांनी काय काय केलं ते, आणि शेवटची ओळ मला आजही पाठ आहे. 'उन्हें कठोर से कठोर शिक्षा दिजिए.'

तो कागद घेऊन मी वर आले, भाषा तपासून घ्यायला. तुम्ही वाचलात आणि बाजूला ठेवलात. म्हणालात, "मृणालला विचारलंस?"

मी म्हटलं, तिला काय विचारायचं, ती तर नकोच म्हणते. ती घाबरलीय.

"घाबरली आहे म्हणूनच विचार ना. बात तिची आहे. उद्या वर्गात तिला बसायचंय, तुला नाही."

मग आपली जी जुंपली! तुमचं म्हणणं, मोठ्यांनी मध्ये पडताना बघून पडावं, मुलांना त्यांचं काही निस्तरू द्यावं. माझं म्हणणं, दहा वर्षांच्या पोरीनं तिघींशी काय निस्तरायचं? तुम्ही म्हणालात, छडी एका जागी बसते आणि वळ दुसरीकडे उठतो. मी म्हटलं, ज्याचं जळतं त्याला कळतं. तुम्ही काहीतरी बोलायला तोंड उघडलंत आणि मी ते वाक्य बोलले.

"तुम्हाला मूल नाही, तुम्हाला काय कळणार?"

 चष्मा काढून पुसलात, परत लावलात, कागद उचललात आणि म्हणालात, "ठेव इथे. सकाळी देते." मी जिना उतरताना मला कळत होतं की मी काय बोलले आहे. परत वर यायला सहा पायऱ्या होत्या. आले नाही.

सकाळी मृणालला पाठवलं कागद आणायला. तिला जरा वेळ लागला, मी खालून हाका मारल्या. कागद आला. तुम्ही 'त्रास देती हैं' खोडून 'परेशान करती हैं' केलं होतंत. शेवटच्या ओळीत 'दिजिए'ची पहिली वेलांटी खोडून दुसरी दिली होतीत, तुमची ती नेहमीची, शेपटी पुढच्या ओळीत घुसेल इतकी लांब ओढलेली. बाकी सगळं तसंच. मी समाधानानं अर्ज शाळेत पोचवला.

तिसऱ्या दिवशी बडी बहनजींनी बोलावलं. मृणालनं नको म्हटलं होतं, तरी गेले. खोलीत त्या, एक कारकून आणि मी. बहनजी अर्ज समोर धरून म्हणाल्या, "आप चाहती हैं कि हम इन लड़कियों को कठोर शिक्षा दें. हम तो बीस साल से वही दे रहे हैं." कारकून फसकन हसला. मला कळेना काय झालं. मी पुन्हा म्हटलं, हां, शिक्षा, कठोर. कारकुनानं तोंडावर फाईल धरली. तेव्हा बहनजींनीच समजावलं की जे मला हवं आहे त्याला दंड म्हणतात, सजा म्हणतात. शिक्षा म्हणजे शिक्षण. मुलीचं हसं झालं ते एका शब्दानं, आता आईचं दुसऱ्यानं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

मी उठणार होते. पण बहनजींनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि त्या लांब शेपटीवर बोट ठेवलं. "यह अक्काजी ने देखा है?"

मी हो म्हटलं.

त्यांचं हसू गेलं. कारकुनाला त्यांनी बाहेर पाठवलं. कागद पहिल्यापासून पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, "तो फिर शिक्षा ही देंगे."

तेव्हा मला ते काही समजलं नाही. मला वाटलं, चेष्टा चालली आहे. मी शाळेतून निघाले ती तडक तुमच्या जिन्यावर. तुम्ही तांदूळ निवडत होतात. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण माझं चार लोकांत हसं केलंत, असं बोलले खास. त्याच ओळीतली, त्याला लागून असलेली वेलांटी दिसली आणि शेजारचा अख्खा शब्द दिसला नाही?

"चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक," तुम्ही म्हणालात, आणि ताटातून एक खडा उचलून बाजूला ठेवलात. पांढरा खडा, पांढऱ्या तांदळातून!

पुढचं सगळं तुम्ही केलंत आणि मी जिन्यावरून पाहिलं. बहनजी एकेकाळी तुमच्याच वर्गात होत्या हे मला नंतर कळलं. त्यांनी त्या तिघींना छडी मारली नाही, प्रार्थनेच्या वेळी उभं केलं नाही, आई-बापांना बोलावलं नाही. चार रविवार दुपारी अक्काजींकडे जायचं, एवढंच सांगितलं. पहिल्या रविवारी त्या तिघी आल्या त्या फाशी द्यायला आणल्यासारख्या. मृणाल माझ्या मागे लपली. तुम्ही गच्चीवर चटई टाकली होतीत, जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं आणि चार पेन्सिली. काम काय, तर दोन्ही भाषांत आहेत पण अर्थ वेगळे आहेत असे शब्द शोधायचे. मराठी येणारी एकच होती तिथे. तिला विचारल्याशिवाय त्या तिघींचं पान भरणार नव्हतं.

रुचीनं तोंड वाकडं करून विचारलं, "अक्काजी, यह हमारी शिक्षा हो रही है कि सज़ा?"

"मराठी में सज़ा को ही शिक्षा कहते हैं," तुम्ही म्हणालात. "अब लिखो, यह पहला हुआ."

मग 'खाली' लिहिला गेला. 'राग' लिहिला गेला, तो आपला चिडण्याचा आणि त्यांचा गाण्याचा. 'चेष्टा' लिहिला, त्यांच्याकडे म्हणे प्रयत्न. मृणाल हळूहळू माझ्यामागून निघून चटईच्या कडेला आणि तिथून मध्यभागी गेली. मला वाटलं, झालं, जिंकलो. तसं काही झालं नाही. सोमवारी शाळेत बाटली पुन्हा रिकामी झाली. दुसऱ्या रविवारनंतर तिघींतली एक यायची बंद झाली ती झालीच. मी तुम्हाला सुनावलं, "बघा, तुमची शिक्षा." तुम्ही म्हणालात, "अजून दोन इतवार आहेत."

तिसरा रविवार मी विसरणार नाही. मी पोह्यांच्या बशा घेऊन जिना चढत होते. वळणावरून गच्ची दिसते तिथे पोचले आणि पाहिलं, की मृणाल उभी आहे, तिच्या हातात रुचीची बाटली आहे, गुलाबी, नवीकोरी. तिनं झाकण काढलं. बाटली उलटी केली. घाई नाही, काही नाही. पाणी गच्चीवर पडत राहिलं, शेवटचा थेंब पडेपर्यंत. मग म्हणाली, "अब तू खाली."

 मी वर जाणार तेवढ्यात तुम्ही माझ्याकडे न बघता एक बोट वर केलंत. तिथेच थांब. मी बशा घेऊन थांबले. रुची रडवेली झाली. "अक्काजी, देखिए न."

"देख रहे हैं," तुम्ही म्हणालात.

आणि खरंच नुसतं बघत राहिलात. रागावला नाहीत, शाबासकी दिली नाहीत, मध्ये पडला नाहीत. पण उठूनही गेला नाहीत. रुची तशीच घरी गेली, पोहे न खाता. मला आठवडाभर झोप नव्हती. आता तिचा बाप येणार, आता शाळेतून नाव काढणार. चौथ्या रविवारी रुची आली ती दोन बाटल्या घेऊन. एक पुढे करून मृणालला म्हणाली, "यह वाली गिराने के लिए."

त्या दोघी हसल्या तेव्हा तुम्ही पहिल्यांदा उठलात आणि आत जाऊन चहा टाकलात. मी मागे आले. तुमचा हात थरथरत होता, साखर ओट्यावर सांडली. म्हणजे तुम्हालाही खात्री नव्हती! हे मी तेव्हा पाहिलं आणि कोणाला सांगितलं नाही, तुम्हालाही नाही.

त्या चौथ्या रविवारनंतर त्या काही एका ताटात जेवणाऱ्या मैत्रिणी झाल्या नाहीत. दोन वर्षं तर त्यांचं एक दिवस जमायचं आणि चार दिवस नाही. रुची पुढेही तिला 'खाली'च म्हणायची, अजून म्हणते. पण आता मृणाल 'काय गं' म्हणून उत्तर देते. रुची मराठी शिकली ती तुमच्यामुळे नाही, भांडता यावं म्हणून शिकली.

ह्या सगळ्यानं आपला वाद मात्र मिटला नाही. गल्लीत कोणाचं पोर मार खाऊन आलं की आपली पुन्हा सुरुवात. मी म्हणायची, मोठ्यांना कळलंच पाहिजे. तुम्ही म्हणायचात, कळू दे, पण कळल्याबरोबर काठी घेऊन धावू नये. एका हिवाळ्यात मटार सोलताना तुम्ही मला सांगितलंत, की नोकरीच्या सुरुवातीला एका मुलीच्या तक्रारीवरून तुम्ही दुसरीला सगळ्या शाळेसमोर उभं केलं होतंत. शिक्षा झाली. आणि जिच्यासाठी केली ती पंधरा दिवसांत शाळा सोडून गेली, कारण तिच्याशी नंतर कोणी बोलेना. "नाव माझ्याच हातानं कटलं हजेरीतून," तुम्ही म्हणालात.  अर्जाच्या दिवशी हे सांगितलं असतंत तर, असं मनात आलं. मग आठवलं, तुम्ही तोंड उघडलं होतंत आणि मी बोलू दिलं नव्हतं.

आणि दुसरा वाद, तो तर माझा हक्काचा. दर तीन-चार महिन्यांनी मी विचारायचीच. अक्का, खरं सांगा, तो शब्द तुम्ही मुद्दाम ठेवलात ना? तुम्ही कधी चष्म्यावर ढकललंत, कधी दिव्यावर, त्या दिवशी बिजली नव्हती म्हणून. एकदा तर म्हणालात, मला वाटलं तुला शिक्षणच हवं असेल. मी चिडायची, तुम्ही हसायचात. मला राग होता, अक्का. सगळं चांगलं झालं तरी होता. तुम्ही माझ्या मुलीच्या बाबतीत माझ्या पाठीमागे निर्णय घेतलात, मला न विचारता, असं मी सहा वर्षं धरून बसले होते. आणि खरं सांगायचं तर त्या रागाच्या आडोशाला माझं ते वाक्य लपवायला मला सोयीचं पडायचं. तुम्ही माझं हसं केलंत, मी तुम्हाला ते बोलले, फिटंफाट. माफी मागायची वेळच यायची नाही.

काल दुपारी मी आणि मृणाल तुमच्या कपाटातल्या साड्यांच्या घड्या घालत होतो. चष्मा हाताशी आला. मी तो डोळ्यांना लावून पाहिला आणि म्हटलं, "खोटं बोलायला ह्याचा फार उपयोग झाला बाईंना." मृणाल हसली नाही. सोळा वर्षांची झाली आहे, माझ्यापेक्षा उंच. साडीचं एक टोक हातात धरून ती म्हणाली, "आई, तो शब्द अक्कांनी नाही ठेवला. मी ठेवला."

मी चष्मा उतरवून ठेवला.

तिनं सांगितलं ते असं. कागद आणायला ती वर आली तेव्हा तुम्ही पेन हातात घेऊन बसला होतात. 'शिक्षा'वर पेनाचं टोक टेकलेलं. तुम्ही तिला जवळ बसवलंत आणि दोन्ही अर्थ समजावले. मग विचारलंत, "तुला मराठीतली हवी की हिंदीतली?" तिनं विचारलं, काय होईल. तुम्ही म्हणालात, मराठीतली दिली तर त्यांना छड्या बसतील. हिंदीतली दिली तर काय होईल ते मलाही माहीत नाही, पण मी तिथे असेन. तिनं विचार केला. मी खालून हाका मारत होते तोच तो वेळ. मग ती म्हणाली, "हिंदीतली." तुम्ही पेनाला टोपण लावलंत.

"आणि मला म्हणाल्या, आईला नको सांगूस. ती तुझ्यावर चिडेल. माझ्यावर चिडू दे, मला आदत आहे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. उत्तर माझ्या घरात खालच्या खोलीत अभ्यास करत बसलेलं, आणि मी सहा वर्षं वर येऊन तुमच्याशी भांडत होते.

मी खाली बसले आणि मग मात्र रडले, अक्का. बारा दिवसांचं एकदम. पण ते सुटल्याचं रडणं होतं. तुम्ही माझ्या पाठीमागे काही ठरवलं नव्हतंत. जिची बात होती तिला विचारलंत, आणि तिनं जे सांगितलं ते घडत असताना तिच्याजवळ बसून राहिलात, हात थरथरत असताना. आपण दोघी सहा वर्षं भांडत होतो, की मुलांनी स्वतःचं स्वतः बघावं की मोठ्यांनी बघावं. माझ्या मुलीला ह्यातलं एकही वाट्याला आलं नव्हतं. तिला अक्का वाट्याला आल्या होत्या.

मृणालनं साडीची घडी पुरी केली, माझ्या मांडीवर ठेवली आणि पाणी आणून दिलं. तिच्या हातून पाणी प्याले.

आता एवढंच राहिलं. त्या दिवशी मी तुम्हाला दोन गोष्टी तपासायला दिल्या होत्या, एक कागद आणि एक वाक्य. कागदावर तुम्ही वेलांटी सुधारलीत. वाक्य मात्र तसंच ठेवून घेतलंत आणि कधीच परत केलं नाहीत. तुम्हाला मूल नाही, तुम्हाला काय कळणार, हे ते वाक्य. अक्का, ते पहिल्या शब्दापासून चुकलेलं होतं. मी ते आज खोडते आहे.